सहावी ब, गणित

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत वहीबाईंनी एक्केचाळीस प्रशिक्षणं घेतली आणि त्यांतली कामाची निघाली दोन. ज्या वर्षी शाळेतल्या एकाही वर्गात विजेचं बटण नव्हतं, त्या वर्षी त्यांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायला शिकवलं. ज्या वर्षी एकेका वर्गात अठ्ठावन्न मुलं कोंबली होती, त्या वर्षी वीस मुलांना गोलात बसवून कसं शिकवावं हे तीन दिवस सांगितलं. एकदा तर त्या भाषेच्या बाई असून प्रयोगशाळेतली ॲसिडं कशी हाताळावीत ते शिकून आल्या, कारण विज्ञानाचे सर रजेवर होते आणि शाळेतून एक माणूस पाठवायचाच होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं त्या त्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या आणि हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागल्या.

प्रत्येक प्रशिक्षणाचा थाट एकच. सकाळी एक सही, दुपारी जेवणानंतर आणखी एक सही, म्हणजे मधल्या मधे कुणी पळायला नको. शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो आणि एक प्रमाणपत्र. बाईंची प्रमाणपत्रं कपाटाच्या खालच्या खणात यजमानांच्या स्वेटरांखाली पडलेली असत. यजमान पाणीपुरवठ्यात मीटर तपासून निवृत्त झालेले. खण उघडला की विचारायचे, "एवढं शिकलीस, आता पास तरी होशील ना?"

वहीबाई हे नाव त्यांना शिपायानं दिलं. कापडी पिशवीत एक जाड पुठ्ठ्याची लांबट वही कायम असायची, आणि डोळ्यांना दिसेल ते तीत उतरायचं. कोणतं मूल डाव्या हातानं लिहितं, कोणत्या खिडकीची कडी तुटली आहे, कोणत्या तासाला कोणता वर्ग पेंगतो. शिपायाकडून नाव शिक्षकांच्या खोलीत गेलं, आणि एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्याच तोंडून निसटलं. ते ओशाळले. बाई म्हणाल्या, "असू द्या, वही काही वाईट वस्तू नाही."

त्यांचे वडील शिंपी होते. तीनदा मापायचं आणि एकदा कापायचं, हा त्यांचा शिरस्ता. माप बोटभर चुकलं तर कापड गेलं, गिऱ्हाईक गेलं आणि तोंड दाखवायची जागाही गेली, असं ते लेकीला सांगत. लेकीनं सुई कधी हातात धरली नाही, पण मापाचं वेड तेवढं उचललं. अंदाजपंचे काही लिहिलेलं दिसलं की त्यांचं पित्त खवळायचं. चांगला गुण होता. त्याच गुणानं पुढे घात केला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर एके दिवशी शिक्षण कार्यालयातून परिपत्रक आलं. यंदापासून शिक्षकांचं प्रशिक्षण शाळेच्या गरजेनुसार देण्यात येईल, तरी प्रत्येक शाळेनं शिक्षकांच्या गरजा तपासून वर्षाचा आराखडा पाठवावा. मुख्याध्यापकांनी ते वाचून वहीबाईंच्या हातात दिलं आणि हात झटकले. या गृहस्थांना सगळी शाळा होसाहेब म्हणायची, कारण कार्यालयातून फोन आला की ते 'हो साहेब' याखेरीज तिसरा शब्द बोलत नसत. ते म्हणाले, "तुम्हाला लिहायची हौस आहेच. शुक्रवारपर्यंत काहीतरी भरून द्या."

काहीतरी भरून देणं बाईंच्या रक्तात नव्हतं. एकोणतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला होता, की बाई, तुम्हाला काय हवंय? त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या चपला काढायच्या आधीच यजमानांना परिपत्रक वाचून दाखवत. यजमान म्हणाले, "मीटर बसवलाय म्हणजे पाणी येईलच असं नाही." बाईंनी लक्ष दिलं नाही.

शाळेत सतरा शिक्षक. बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला. मधल्या सुट्टीपर्यंत सगळे परत आले. अकरा जणांनी लिहिलं होतं, ताणतणाव व्यवस्थापन. चौघांनी लिहिलं, संगणक. खेळाच्या सरांनी 'काही नाही' असं लिहून खाली ऐटीत सही ठोकली होती, आणि एक कागद कोराच होता, त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला.

"हे खरं नाही," बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या.

"खरं मागितलंय कुणी?" चित्रकलेचे सर म्हणाले, आणि सगळे हसले.

बाईंनी ते सतरा कागद खणात टाकले आणि मुख्याध्यापकांकडून पाच आठवड्यांची मुदत मागून घेतली. रोजचा आपला एक मोकळा तास त्या कुणाच्या ना कुणाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणार होत्या. शिक्षक बिथरले. तपासणी म्हटली की माणूस चोर नसला तरी खिसे चाचपतो. तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "कुणाचंही नाव कागदावर येणार नाही. कोण काय शिकवतो ते मला बघायचं नाहीये, कुणाचं कुठं अडतं तेवढं बघायचंय. शब्द देते." त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक निवळले.

आणि मग काय काय दिसलं त्यांना! पहिलीच्या बाई मुलांना आईच्या मायेनं सांभाळायच्या, पण त्या शिकून आलेल्या मोठ्या वर्गांना शिकवायला. अक्षराला अक्षर जोडून वाचायला कसं शिकवतात ते त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. विज्ञानाचे सर वर्गाकडे पाठ करून अख्खा फळा भरायचे, कारण वर्गाकडे तोंड केलं की मुलं प्रश्न विचारायची. बाई मागच्या बाकावर गुडघे आवळून बसत आणि लिहीत. बाक सहावीच्या मुलांच्या मापाचे. पाचव्या आठवड्यात त्यांची कंबर धरली, पण त्या खुशीत होत्या.

आता धाकट्या बाईंबद्दल सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी शाळेत आल्या तेव्हा त्या सगळ्यांत लहान होत्या, म्हणून हे नाव पडलं, आणि केसांना कलप लागला तरी सुटलं नाही. मूळच्या त्याही भाषेच्या. वाचन शिकवावं तर त्यांनीच. जे पोर पुस्तक उलटं धरायचं ते त्यांच्या हाताखाली चार महिन्यांत घडाघडा वाचू लागायचं. पण अकरा वर्षांपूर्वी गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही, आणि होसाहेबांच्या आधीच्या साहेबांनी सहावी ब चं गणित धाकट्या बाईंच्या गळ्यात घातलं. तात्पुरतं म्हणून. तात्पुरत्याला अकरा वर्षं झाली.

त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, चार मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचं एक अंग गेलं. मधली सुट्टी झाली की धाकट्या बाई धावत घरी जायच्या, त्याला कुशीवर वळवायच्या, कपडे बदलायच्या, दोन घास भरवायच्या आणि धावत परत यायच्या. घंटेनंतर पाच मिनिटं तरी व्हायचीच. ती पाच मिनिटं वहीबाई त्यांच्या वर्गात उभ्या राहायच्या. तीन वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत, आणि यातलं अक्षरही वहीत नव्हतं. गल्लीतलं ते घर आणि ही शाळा, एवढ्यावर धाकट्या बाईंचा संसार तोलून होता, आणि हे वहीबाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सहावी ब मध्ये त्या बसल्या तेव्हा अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. "खालचा उलटा करा आणि गुणा," धाकट्या बाई सांगत होत्या. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, भागल्यावर उत्तर लहान व्हायला पाहिजे ना? हे मोठं कसं झालं?"

"यात तसंच असतं. लिहून घे," धाकट्या बाई म्हणाल्या. मुलीनं लिहून घेतलं.

शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात वहीबाईंच्या शेजारी, त्याच बाकावर येऊन बसल्या. "बघितलंत ना?"

"बघितलं. अगं, मलाही येत नाही ते. पण मी गणित शिकवत नाही."

"अकरा वर्षं झाली, बाई. दर वर्षी एखादं पोर विचारतंच. आणि मी दर वर्षी हेच सांगते. मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का?" त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. घरीसुद्धा नाही."

"धाकटे, याचसाठी तर हे सगळं चाललंय. तुला शिकवायला माणूस आणू आपण."

"नाव नाही ना येणार?"

"शब्द दिलाय ना मी."

आणि खरंच, पहिल्या आराखड्यात नाव नव्हतं. वर्गही नव्हता. बाईंनी तो लिहिला तोही काय सुरेख! बाहेरून विद्वान आणण्याआधी घरातलं वापरा, असा सगळा रोख. वाचन शिकवण्यात तरबेज असलेल्या शिक्षिकेनं पहिलीच्या शिक्षिकेला दाखवावं. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाईंना महिन्यातून दोन शनिवार बोलवावं. कुणाला काय हवं आणि ते कोण देऊ शकेल, यांच्या दोन रांगा समोरासमोर. ज्यांनी आयुष्यभर प्रशिक्षणं भोगली त्यांनाच असा आराखडा सुचतो.

कार्यालयातल्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. बाई पुढ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. साहेब तरुण होते, चष्मा पुसत पुसत बोलायचे. "बाई, एकशे बारा शाळांचे आराखडे वाचले. एकशे अकरांत ताणतणाव आहे. शाळा बघितलेला माणूस एकच दिसला, तुम्ही." बाईंना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. "फक्त थोडं मोघम आहे. 'काही वर्गांत गणिती संकल्पना' म्हणजे कोणते वर्ग? कोणती संकल्पना? नेमकं असेल तर मंजुरी मिळते. तुम्हाला नेमकं माहीत असणारच."

नेमकं! शिंप्याच्या मुलीला दुसरं काय सांगावं लागतं? बाई घरी आल्या, वही उघडली आणि दिवेलागणीच्या आत सगळा आराखडा पुन्हा उतरवून काढला. पहिली अ, वाचन. आठवी अ, विज्ञान. आणि सातव्या ओळीत, त्यांच्या त्या गोल, सुवाच्य अक्षरात: सहावी ब, गणित, अपूर्णांकांचा भागाकार, शिक्षकास संकल्पना स्पष्ट नाही. नाव कुणाचंच लिहिलं नाही. शब्द पाळला. सहावी ब ला गणित शिकवणारी बाई जगात एकच होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि त्यांनी बाजूला सारलं, कुणास ठाऊक. पुढे त्या स्वतःलाही हे विचारायच्या. धाकट्या बाईंना मात्र त्यांनी आराखडा बदलल्याचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही, असं त्या म्हणत.

आराखडा गाजला. नमुना म्हणून सगळ्या शाळांना पाठवला गेला. कार्यालयाच्या सभेत बाईंना उभं करून टाळ्या वाजवल्या. धाकट्या बाईंनीही पेपरात आलेल्या बातमीचं कात्रण कापून त्यांना आणून दिलं.

सहा महिन्यांनी पट मोजला तेव्हा शाळेत मुलं कमी भरली आणि एक शिक्षक जादा ठरला. जो सगळ्यांत शेवटी आला त्यानं जायचं, हा आजवरचा रिवाज. शेवटी आलेल्या होत्या संगीताच्या बाई, आणि त्या कार्यालयातल्याच एका साहेबांच्या पुतणी. त्या साली नेमका नवा नियम निघाला, की आधी कोण आलं ते न पाहता गुणवत्ता पाहून नाव कळवावं. गुणवत्ता कशी पाहायची, ते नियमात नव्हतं. होसाहेबांनी आराखडा काढला.

त्यांनी वहीबाईंना खोलीत बोलावलं आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "इतरांना पद्धत येत नाही, बाई. इथं विषयच येत नाही असं लिहिलंय."

"हे त्यासाठी नव्हतं लिहिलं, सर."

"कशासाठी लिहिलं ते मी कुठं विचारतोय? खोटं लिहिलंय का?"

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

"तुमच्याच अक्षरात आहे," होसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात रागही नव्हता आणि आनंदही. त्यांना फक्त एक नाव हवं होतं आणि ते त्यांना आयतं सापडलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ती अशीच, शांतपणे.

धाकट्या बाईंची नवी शाळा दोन बस बदलून दीड तासावर. हुकूम हातात पडला तेव्हा मधली सुट्टी होती. त्या घरी गेल्या, नवऱ्याला वळवून आल्या. नेहमीसारख्या पाच मिनिटं उशिरा. वर्गाच्या दारात वहीबाई उभ्या होत्या.

"धाकटे, मी नाव नव्हतं लिहिलं गं."

"नव्हतं लिहिलंत. खरंय." त्या वर्गात शिरल्या आणि खडू उचलला. मग वळून, मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "केसानं गळा कापलात, बाई."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वहीबाई कार्यालयात गेल्या. तोच चष्मा पुसणारा साहेब. बाईंनी सगळं सांगितलं, नवऱ्याचं अंग, मागची गल्ली, ती पाच मिनिटं. साहेबानं मन लावून ऐकलं. माणूस वाईट नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "सातवी ओळ चुकीची आहे असं तुम्ही लिहून द्या. नीट पाहणी न करता लिहिली, प्रत्यक्षात तशी गरज नव्हती. मग त्या ओळीवर काढलेला हुकूम टिकत नाही. मी स्वतः रद्द करून आणतो." त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "अर्थात मग सगळाच आराखडा मागे घ्यावा लागेल. नमुना म्हणून गेलाय तो. पाहणी न करता लिहिलेला नमुना ठेवता येत नाही. आणि तुमच्याकडेही थोडी विचारणा होईल."

कागद समोर होता. पेन बाईंच्या पिशवीत होतं. दोन ओळींचं काम. एकोणतीस वर्षांत त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, हे खरं. पाच आठवडे कंबर मोडून केलेलं काम आपल्याच हातानं खोटं ठरवायचं, हेही खरं. आणि टाळ्या ऐकून फार दिवस झाले नव्हते, हेही तितकंच खरं. त्यातलं कशानं त्यांचा हात धरला, ते कुणी सांगावं?

"पाहणी नीट केली होती," बाई म्हणाल्या. "खोटं कसं लिहू?"

साहेबानं कागद परत खणात ठेवला.

घरी त्यांनी यजमानांना हे सांगितलं, आपण खोटं लिहायला नकार दिला, असं. यजमान पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला. "चाळीस घरांचे मीटर मी बंद दाखवलेत," ते म्हणाले. "कुणाकडे आजारी माणूस, कुणाकडे बाळंतीण. पाणी तोडायला जीव झाला नाही. सगळं खोटं लिहिलं." त्या दिवशी त्यांनी पुढे चेष्टा केली नाही.

धाकट्या बाईंनी साडेतीन महिने दोन बस केल्या. नवऱ्याला दुपारी वळवायला कुणी नव्हतं. शेजारीण पहिला महिना आली, मग तिलाही तिचं घर होतं. त्याच्या पाठीला जखमा झाल्या, एक तर हाडापर्यंत गेली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसा कोण असतं? धाकट्या बाईंनी राजीनामा लिहिला, निवृत्तीला सहा वर्षं बाकी असताना.

आणि मग, वरातीमागून घोडं, प्रशिक्षण आलं. पहिलीच्या वाचनाचं नाही, ते 'निधीअभावी पुढील वर्षी'. आधी आलं ताणतणाव व्यवस्थापन. एका टापटीप बाईंनी सगळ्यांना एकेक फुगा दिला, त्यावर आपली काळजी लिहायला सांगितली आणि मग फोडायला लावला. चित्रकलेच्या सरांनी फुग्यावर 'प्रशिक्षण' असं लिहून मोठ्या आवाजात फोडला. मग, नमुना आराखड्याचा मान म्हणून, सातव्या ओळीची मंजुरी आली. सहावी ब, गणित. अपूर्णांकांचा भागाकार. एक दिवस.

एक बाई जादा म्हणून घालवल्यावर कार्यालयानं अकरा वर्षं रिकामी असलेली गणिताची जागा भरली होती, आणि सहावी ब ला आता एक नवे सर होते, गणिताची पदवी घेतलेले. ते पहिल्या बाकावर जांभया देत बसले. वहीबाई आयोजक म्हणून मागच्या बाकावर. शिकवायला आली ती निवृत्त झालेली गणिताची बाईच, तीच जिला शनिवारी बोलवा असं त्यांनी पहिल्यांदा लिहिलं होतं. तिनं कागदाच्या तीन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. "तीनला पावानं भागा म्हणजे काय? तीन पट्ट्यांत पाव-पाव किती निघतील, मोजा." तिनं घड्या घालून प्रत्येक पट्टीचे चार भाग केले. "बारा. तुकडे लहान केले की संख्या जास्त भरणारच. भागलं म्हणून उत्तर मोठं आलं. एका पट्टीत चार, म्हणून चारानं गुणायचं. उलटा करा म्हणतात ते हेच."

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली होती. उरलेला दिवस सगळे त्यावर सराव करत बसले.

ही गणिताची बाई पाच गल्ल्यांपलीकडे राहत होती. भाजी घेताना वहीबाईंना आठवड्यातून दोनदा भेटायची. तिला एकदा धाकटीकडे पाठवलं असतं, चहाच्या निमित्तानं, आराखड्याशिवाय, मंजुरीशिवाय, तर ही दहा मिनिटं तेव्हाच झाली असती. वहीबाईंना हे त्या मागच्या बाकावर कळलं, आणि त्यांना भडभडून आलं. त्यांनी दुपारची सही केली नाही. नोकरीत पहिल्यांदा.

त्या रविवारी त्या मागच्या गल्लीत गेल्या. पिशवीत तीन पट्ट्या. धाकट्या बाईंनी दार उघडलं, "या" म्हणाल्या आणि आत जाऊन नवऱ्याच्या पाठीखालची उशी सरकवू लागल्या. खोलीत मलमाचा वास होता. वहीबाईंनी स्टुलावर पट्ट्या मांडल्या, घड्या घातल्या आणि जसंच्या तसं सगळं सांगितलं. त्यांना थांबायला हवं होतं हे त्यांना अर्ध्यावर कळलं, पण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं.

धाकट्या बाईंनी पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांना झटकन समजलं, ते चेहऱ्यावर दिसलं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

"त्या मुलीला सांगा. पहिल्या बाकावरच्या. तिनं विचारलं होतं." मग पट्ट्या गोळा करून त्यांनी वहीबाईंच्या हातात दिल्या. "आणि बाई, आता येत जाऊ नका. याला वळवायचं असतं, मला वेळ नसतो."

ती मुलगी सातवीत गेली होती. वहीबाईंनी तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं. ती म्हणाली, हो बाई, आणि पळाली. तिला प्रश्न आठवतसुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी परिपत्रक पुन्हा आलं. वहीबाई या वेळी कुठल्याही वर्गात जाऊन बसल्या नाहीत. कागद वाटले, गोळा केले, आणि सतराच्या सतरा जणांनी ताणतणाव लिहिलं होतं, खेळाच्या सरांनीसुद्धा. सोळा जणांनी ते का लिहिलं, हे विचारायची गरज नव्हती. सतरावा कागद बाईंचा स्वतःचा.

त्या कागद लावून ठेवत होत्या तेव्हा सहावी ब चे नवे सर आले. दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. आकडेमोड जमते मुलांना. पण शब्दांतलं गणित दिलं की वाचताच येत नाही त्यांना. निम्मा वर्ग अडखळतो. वाचायला कसं शिकवतात ते मला खरंच माहीत नाही. आधीच्या बाई त्यात फार चांगल्या होत्या म्हणतात. कुठं लिहायचं हे?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंचविशीतला माणूस, हाताला खडू, चेहऱ्यावर काडीचं कपट नाही. त्यांनी उठून दार नीट लागलंय ना ते बघितलं.

"हे आणखी कुणाशी बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका," वहीबाई म्हणाल्या. "मलासुद्धा सांगत जाऊ नका." आणि सरांचा कागद इतरांच्या कागदांत सारून त्यांनी गठ्ठ्याला दोरी बांधली.